एकोणीस सेकंदांच्या आधी

आलोशियस फोटोवाल्याला गावात कोणी वाईट म्हणत नसे, आणि सगळं दुखणं तिथेच होतं. बासष्ट वर्षांत त्याने कुणाशी भांडण केलं नाही, कुणाच्या लग्नाचा अल्बम उशिरा दिला नाही (दिला, पण गोड बोलून दिला) आणि कुणाची बाजू घेतली नाही. बाप्तिस्मा असो, लग्न असो, मयत असो, हा कॅमेरा घेऊन हजर. कॅमेऱ्यामागे उभं राहणाऱ्याला एक मोठी सोय असते. तो कुठल्याच फोटोत येत नाही. ही सोय आलोशियसच्या इतकी अंगवळणी पडली होती, की मे महिन्यातल्या एका संध्याकाळी तो स्वतःच्याच व्हिडिओत सापडला तेव्हा त्याला आधी वाटलं, हा दुसराच कोणी म्हातारा आहे.

मे म्हणजे मारियामातेचा महिना. वसईच्या पश्चिमेला, आलोशियसच्या वाडीत, या महिन्यात रोज संध्याकाळी सव्वासहाला क्रुसापाशी जपमाळ होते. तीसेक माणसं, अर्ध्या रस्त्यावर पसरलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मध्ये टेबलावर मारियामातेची मूर्ती. जपमाळ संपली की मूर्ती एका घरी मुक्कामाला जाते आणि दुसऱ्या संध्याकाळी क्रुसापाशी परत येते. कुठल्या दिवशी कुणाचं घर, याची यादी एप्रिलमध्येच लागते, आणि त्या यादीवरून दरवर्षी निदान दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी होतात. भक्ती आहे, मग मानपान आलाच.

दोन वर्षांपासून ही जपमाळ फोनवरून लाइव्ह जात होती. आलोशियसचा मुलगा जोनाथन कॅनडात, बाकीची पोरं कुवेत, दुबईला; तीही तिकडून हात जोडायची. ही अक्कल आलोशियसची नव्हे. गल्लीच्या तोंडाशी नवीन चारमजली बिल्डिंग झाली, तिथे राहायला आलेल्या अश्लेषाची. ती बँकेत नोकरीला. पासपोर्ट फोटो काढायला म्हणून स्टुडिओत आली आणि अर्ध्या तासात त्याला चॅनल काढून देऊन गेली. जाताना बजावलं, "अंकल, संपलं की लाल बटण दाबायचं. विसरलात ना, तर तुमचं न् आंटीचं भांडण थेट कॅनडात दिसेल."

बदल्यात आलोशियसने तिला स्वतःचा जुना स्टँड दिला. त्या स्टँडवर फोन लावून ती दर रविवारी वाडीतल्या बावखलांवर जायची. बावखल म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची जुनी तळी. त्यांत ती गाठी मारलेली दोरी सोडायची, मागच्या रविवारपेक्षा पाणी किती गाठी खाली गेलं ते मोजायची आणि त्याचा व्हिडिओ टाकायची. पाणी खाली जायचं कारण रोज संध्याकाळी सात वाजता गल्लीतून हॉर्न वाजवत जायचं. क्लिफर्डचे टँकर. त्यातला एक टँकर अश्लेषाच्या बिल्डिंगलाही पाणी द्यायचा, आणि हेही ती व्हिडिओत सांगायची. असल्या प्रामाणिकपणाचा लोकांना भारी राग येतो.

क्लिफर्ड वाडीतलाच. क्रुसाला रंग त्याने दिलेला, स्पीकर त्याचा, आणि त्या प्लास्टिकच्या खुर्च्याही त्याच्याच देणगीच्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर लाल अक्षरांत त्याचं नाव. महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार म्हणून नाव जरा ठळकच लिहिलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, जपमाळ संपली, 'आमेन' झालं आणि टँकरचा हॉर्न वाजला. नेहमीप्रमाणे सगळे खुर्च्या आवरायला धावले. तेवढ्यात अश्लेषाने आपली स्कूटर टँकरपुढे आडवी लावली. मागच्या गाडीतून क्लिफर्ड उतरला. पाच मिनिटांनी ती पोर रस्त्यावर पडली होती. उजवं मनगट मोडलेलं, भुवईवर चार टाके पडतील एवढी जखम.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चॅनेलवाल्यांच्या गाड्या. दोरीवाली मुलगी तोवर बऱ्यापैकी प्रसिद्ध झाली होती आणि उमेदवाराने तिला मारलं म्हटल्यावर बातमी मुंबईपर्यंत गेली. क्लिफर्ड म्हणाला, "ती स्वतःच स्कूटरवरून पडली." आणि वाडीतली तीस माणसं? त्यांनी पाहिलंच नव्हतं. "आम्ही खुर्च्या आवरत होतो, आमची पाठ होती." तीस पाठी एकाच वेळी एकाच दिशेला कशा, हे विचारायला कुणी गेलं नाही.

आलोशियसपाशी याहून चांगलं कारण होतं. त्या दिवशी मूर्तीचा मुक्काम त्याच्याच घरी होता. "माझ्या हातात मारियामाता होती," त्याने बायकोला, शेजाऱ्यांना, फादरना, सगळ्यांना सांगितलं. "मूर्ती टाकून धावू का मी?" यावर कोण काय बोलणार? त्याची बायको फ्लॉसी, शाळेतून निवृत्त झालेली बाई, घरी उकडलेले चणे आणि केळी मांडून मूर्तीची वाट पाहत होती. तिने मूर्ती त्याच्या हातातून घेतली, पायाशी ओठ टेकले, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून गेलं.

आता लाल बटणाचं. ते दाबायचं आलोशियस विसरला होता.

मूर्ती घरी पोहोचवून अर्ध्या तासाने तो फोन आणायला परत गेला, तेव्हा स्टँड क्रुसापाशी होता तसाच उभा, आणि लाइव्ह चालूच. 'आमेन' झाल्याबरोबर कॅनडा आणि कुवेत निघून गेले होते, बघणारे शून्य. आलोशियसने बटण दाबलं, व्हिडिओ कुणालाही दिसणार नाही असा बंद करून ठेवला आणि घरी जाऊन मोरीत कडी लावून पाहिला.

सगळं होतं त्यात. क्लिफर्ड अश्लेषाचं मनगट धरतो आणि पिरगाळतो. ती ओरडते. मग मान वळवून क्रुसाकडे बघते आणि हाक मारते, "आलोशियस अंकल!" पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा वळून बघतो. त्याचे दोन्ही हात रिकामे आहेत. तो तिच्याकडे बघतो, क्लिफर्डकडे बघतो. मग टेबलाशी जातो, मूर्ती उचलतो, छातीशी धरतो आणि चौकटीबाहेर निघून जातो. त्यानंतर अश्लेषा डावा हात उगारते, क्लिफर्डच्या गालावर एक बसते, आणि मग क्लिफर्ड तिला मारत सुटतो. मागे लोक खुर्च्या एकात एक घालताहेत.

फौजदारबाई तिसऱ्या दिवशी स्टुडिओत आल्या. तुमचं लाइव्ह असतं म्हणे रोज, काही सापडलं का, म्हणून विचारू लागल्या. आलोशियसने एकोणीस सेकंद काढून पेन ड्राइव्हमध्ये दिले. "एवढंच आलंय मॅडम. पुढेमागे नेटवर्क नव्हतं."

तो काही क्लिफर्डला वाचवत नव्हता. मार दिसतोय, रक्त दिसतंय, पोरीला न्याय मिळायला एवढं पुष्कळ आहे, असंच त्याने मनाशी म्हटलं होतं. स्वतः चौकटीबाहेर गेल्याबरोबर त्याने कात्री लावली आणि तिथून पुढचं ठेवलं. चाळीस वर्षं फोटो काढणारा माणूस, नवरीच्या कपाळावरचा एक केस त्याच्या नजरेतून सुटत नाही, पण त्या दिवशी तो व्हिडिओत फक्त स्वतःला शोधत होता. आपण उरलो नाही ना, एवढंच पाहिलं. उरलेल्यात सगळ्यात पहिली गोष्ट काय दिसते, ते पाहिलंच नाही.

क्रूस कमिटीचा अध्यक्ष सॅन्टन संध्याकाळी आला. "पोलिसांना दिलंस ते कमिटीलाही दे. आपल्या क्रुसापाशीचं आहे." आलोशियसला नाही म्हणता येत असतं तर ही गोष्टच झाली नसती. रविवारी दुपारी ते एकोणीस सेकंद सगळ्या चॅनेलवर होते, आणि ते सुरू होत होते अश्लेषाच्या उगारलेल्या हातापासून.

पहिला हात तिचाच. चॅनेलवाले त्या हाताभोवती लाल गोल काढून पुन्हा पुन्हा तेच दाखवत होते. स्कूटरवरून पडली म्हणणारा क्लिफर्ड आता म्हणाला, "बाईमाणूस म्हणून गप्प होतो. तिने मला मारलं, मी फक्त अडवलं." त्याने उलटी तक्रार दिली. बँकेने अश्लेषाला चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवलं. काल दोरीवाल्या पोरीचं कौतुक करणाऱ्यांनीच आज तिच्या व्हिडिओखाली असं काही लिहिलं, की ते इथे लिहायची माझी तयारी नाही.

सोमवारी सकाळी शेजारची कार्मिनमावशी दारात येऊन म्हणाली, "बघितलंस फ्लॉसी? आधी तिनेच मारलं. आपण उगाच हळहळत होतो."

"मला नाही पटत," फ्लॉसी म्हणाली. "पस्तीस वर्षं पोरं बघितली मी. उगाच हात उचलणारं पोर लांबून कळतं. काहीतरी आधीचं आहे, ते कुणी दाखवत नाहीय."

आलोशियस आत चहा पीत होता. त्याने अर्धा कप तसाच ठेवला. त्याने आयुष्यभर लोकांचे चेहरे उजळ करून दिले होते, डाग पुसून, सुरकुत्या पुसून. या वेळी त्याने स्वतःचा पुसला आणि डाग त्या पोरीवर गेला. दिवसभर तो स्टुडिओत बसला आणि एकही काम त्याने धड केलं नाही. पोलिसांकडे जायचं तर आपण खोटं बोललो हे कबूल करायला लागणार, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती घरात होती. फ्लॉसीला काय सांगायचं?

मंगळवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर, त्याने फोन तिच्यापुढे ठेवला. "आधीचं हे आहे," एवढंच म्हणाला.

तिने चष्मा लावला आणि पाहिलं. मग मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहताना एका जागी बोटाने चित्र थांबवलं. पांढरा शर्ट, रिकामे हात.

"म्हणजे मूर्ती तू नंतर उचललीस," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी तिच्या पायावर तोंड ठेवलं."

फ्लॉसी रडली नाही, ओरडली नाही. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि वर्गात पोरांना सांगायची त्या सुरात म्हणाली, "शर्ट बदल. आधी त्यांच्याकडे जाऊ, मग पोलिसांकडे. मी येते, पण बोलायचं तू."

तिसऱ्या मजल्यावर दार अश्लेषाच्या आईने, लतिकाने उघडलं. या दोघांना बघून तिचा चेहरा घट्ट झाला, तरी तिने 'या' म्हटलं आणि पाणी आणायला गेली. वडील, जयवंत, रजा टाकून घरीच होते. ते खुर्चीतून उठले नाहीत. अश्लेषा सोफ्यावर बसली होती, हात प्लास्टरमध्ये, भुवईवर पट्टी. आलोशियसला इथे कसं बोलावं याची तयारी करायला तीन जिने पुरले नव्हते.

"माझ्याकडे पूर्ण व्हिडिओ आहे," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "पहिल्यापासून. मी कापला होता."

"का?" जयवंतनी विचारलं.

"त्यात मी दिसतो म्हणून."

जयवंत उठले, दोन पावलं पुढे आले आणि तिथेच थांबले. "आठ दिवस," ते म्हणाले. "आठ दिवस ही पोर जेवलेली नाही धड. आणि तुम्ही खाली रोज जपमाळ करताय." त्यांचा आवाज फाटला आणि ते खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. लतिका पाण्याचे पेले घेऊन दारातच थबकली होती.

अश्लेषा मात्र वेगळंच विचारत होती. "अंकल, मी तुम्हाला हाक मारली, ती ऐकू येते त्याच्यात?"

"येते. स्पष्ट येते."

तिने डोळे मिटले आणि डोकं मागे टेकलं. "थँक गॉड. सगळे बोलतात ना, तू काही ओरडलीच नाहीस, कोणी ऐकलंच नाही. मला पण वाटायला लागलेलं, की मी हाक मारलीच नव्हती. की मी डायरेक्ट मारलं त्याला." मग डोळे उघडून म्हणाली, "लाल बटण विसरलात?"

"विसरलो."

"किती वेळा सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि हसायला गेली तर टाक्यांना ताण बसून कळवळली. आलोशियसला तेव्हा रडू आवरेना. फ्लॉसीने त्याला आवरलं नाही.

व्हिडिओ पाहून झाल्यावर अश्लेषा म्हणाली, "पोलिसांना द्याच. पण पब्लिक पण करा. एकोणीस सेकंद सगळ्यांनी बघितलेत, आधीचे पण बघू देत. जपमाळेपासून सगळं. काही कापायचं नाही."

"त्याच्यात गाव दिसतं सगळं."

"मी पण दिसते ना, मार खाताना. मला आवडतंय का ते?" तिने फोन त्याच्याकडे सरकवला. "आणि बटण तुम्ही दाबा. मी नाही दाबणार. आणि अंकल, मी तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाहीये हां. सध्या तरी."

"नको करूस," आलोशियस म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.

फौजदारबाईंनी त्याला तासभर बसवून झाडलं. खोटं सांगितल्याबद्दल वेगळं आणि व्हिडिओ आधीच जगाला दाखवल्याबद्दल वेगळं. पुरवणी जबाब घेतला, फोन जप्त करून पाकिटात घातला, आणि पुढे कोर्टात यावं लागेल, तुमच्यावरही काय करायचं ते साहेब ठरवतील, असं सांगितलं. आलोशियस सगळ्याला हो म्हणाला. या वेळचं हो त्याला जड गेलं नाही.

दुपारपर्यंत व्हिडिओ सगळीकडे पोहोचला होता. आता चॅनेलवाल्यांचा लाल गोल क्लिफर्डच्या हाताभोवती होता, आणि दुसरा एक, जरा छोटा, आलोशियसच्या रिकाम्या हातांभोवती. जोनाथनचा कॅनडातून फ्लॉसीच्या फोनवर एका ओळीचा निरोप आला: 'डॅडींना सांग, मी बघितलं. जेवलेत का विचार.' फ्लॉसीने तो निरोप वाचून दाखवला आणि खरंच विचारलं, जेवणार का.

सॅन्टन मात्र रस्त्यात भेटला तेव्हा थुंकला. "गावाची अब्रू घालवलीस. लायनीत उभं करून एकेकाचं तोंड दाखवलंस."

"माझंही दाखवलं," आलोशियस म्हणाला.

संध्याकाळी क्रुसापाशी जायचं की नाही, यावर नवरा-बायकोत बोलणंच झालं नाही. सहाला फ्लॉसीने डोक्यावर ओढणी घेतली, स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला आणि निघाली. आलोशियसने स्टँड उघडला. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. पण माणसं आली होती, रोजच्याहून थोडी जास्तच. क्लिफर्डचं नाव पाठीवर घेतलेल्या खुर्च्यांवर सगळी खाली मान घालून बसली. अश्लेषाच्या बिल्डिंगची तिसऱ्या मजल्याची खिडकी तिथून सरळ दिसते. तिचा पडदा बाजूला होता.

जपमाळ झाली. 'आमेन' झालं. आणि सातचा हॉर्न वाजला.

टँकर गल्लीत शिरला होता. मालक सकाळपासून गायब, पण धंदा काही थांबला नव्हता. ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला आणि खुर्च्या उचलल्या जायची वाट बघू लागला. सॅन्टन उठला, त्याच्याबरोबर आणखी चौघं उठले. आपापल्या खुर्च्या उचलून त्यांनी भिंतीला लावल्या आणि घराकडे चालू लागले. बाकीच्यांचे हात खुर्चीच्या दांड्यावर गेले आणि तिथेच राहिले. दुपारपासून प्रत्येकाने स्वतःला खुर्च्या आवरताना पाहिलं होतं, कुणी चारदा, कुणी दहादा. आज पुढची खुर्ची उचलायला कुणाचाच हात होईना.

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. कार्मिनमावशी, काल सकाळी तिनेच मारलं म्हणून सांगत फिरणारी, खुर्चीत जरा सावरून बसली. पदर नीट केला, माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली आणि कापऱ्या आवाजात सुरू केलं, "नमो मारिया, कृपापूर्णे..."

आधी फ्लॉसीने साथ दिली. मग दोघांनी, मग सगळ्यांनी. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली आणि इंजिन बंद केलं.

मूर्ती टेबलावर होती. आलोशियसचे हात रिकामे होते. त्याने एक खुर्ची ओढली, स्टँडच्या मागे न ठेवता पुढे, रस्त्याच्या बरोबर मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला. फोन चालूच होता. लाल बटण आज त्याच्या चांगलं लक्षात होतं, आणि त्याने ते दाबलं नाही.